माशी झोपली होती

आमचे हे निवृत्त झाले तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं, की यांना एखादा छंद लागू दे आणि तो घराबाहेरचा असू दे. लागला तो बागेतल्या किड्यांचे फोटो काढायचा. बाग आमचीच, स्वयंपाकघराच्या दाराला लागून, त्यामुळे माणूस धड घरात नाही आणि धड बाहेरही नाही. दारातून बघावं तर वाफ्याच्या कडेला हे पालथे पडलेले, कोपरं मातीत, पार्श्वभाग आभाळाकडे आणि नाकासमोर हातभर लांब लेन्स. ज्या माणसाने उभा जन्म विमा कंपनीत बसून लोकांचे दावे नामंजूर केले, त्याला उतारवयात माव्याची आणि नाकतोड्यांची माया आली.

त्या मायेपायी बागेचे हाल सुरू झाले. गुलाबावर मावा पडला म्हणून मी साबणाचं पाणी घेऊन गेले, तर हे आडवे आले. "अगं थांब, त्याच्यावर मुंग्या येताहेत. नुसतं बघ, काय सुंदर दिसतंय." फोटो मनासारखा येईपर्यंत गुलाबाच्या नुसत्या काड्या राहिल्या. घेवड्याच्या वेलाला हात लावायचा नाही, कारण पानामागे कुणीतरी अंडी घातली होती. इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायची माझी बाटली एक दिवस नाहीशी झाली. ती बागेत सापडली. तिच्यातून पानांवर दव पाडलं जात होतं, भर दुपारी.

हे सगळं मी चालवून घेतलं. फ्रीज मात्र जड गेला.

त्याचं असं आहे. मुंगीएवढ्या जिवाचा फोटो इतक्या जवळून काढायचा, तर डोळा स्पष्ट आला की मिशा धुरकट होतात आणि मिशा आल्या की पाय जातात. म्हणून ही मंडळी कॅमेरा केसभर पुढे सरकवत सरकवत एकाच किड्याचे पन्नास-साठ फोटो काढतात आणि कॉम्प्युटरवर ते एकमेकांत मिसळून त्यांचा एक फोटो बनवतात, नखशिखांत लख्ख. तेवढा वेळ किड्याने मिशीसुद्धा हलवायची नाही. हलवली की एकाच्या तीन मिशा दिसतात आणि सगळं मुसळ केरात. आता जिवंत किडा असा बसेल का? आमच्या ह्यांचं उत्तर होतं, फ्रीजमध्ये ठेवला की बसतो. गारठला की त्याचं अंग धरतं. मग बाहेर काढून पानावर ठेवायचा, थोडा वेळ नुसता पुतळा होऊन राहतो. ऊब लागली की हलायला लागतो, किंवा लागत नाही.

तेव्हा आमच्या फ्रीजमध्ये, लोण्याच्या मागे, छोट्या पारदर्शक डब्या राहायला आल्या. एकीत भुंगा, एकीत उड्या मारणारा कोळी, एकीत काहीतरी हिरवं. एकदा एका डबीचं झाकण सैल राहिलं. मी लोणी काढून ओट्यावर ठेवलं आणि पाव भाजून वळून बघते, तर भुंगेराव लोण्यावर फेरफटका मारताहेत. मी किंचाळले. हे धावत आले आणि भुंग्याला विचारलं, "लागलं का रे?"

याच्यावरही मी हसून पडदा टाकला असता. पण हे वर भाषणं द्यायचे.

आमच्या शहरात या लोकांचं एक मंडळ आहे. मंडळाचा नियम आहे, की कीटक जिवंत हवा, सापडला त्याच जागी हवा, त्याला हात लावायचा नाही, चिकटवायचा नाही, गारठवायचा नाही. सभासद होताना हे उभं राहून मोठ्याने म्हणावं लागतं. आणि नव्या लोकांना हा नियम समजावून सांगायचं काम कुणाकडे? आमच्या ह्यांच्याकडे. "निसर्गापुढे नम्र व्हावं लागतं," हे माइक तोंडाशी धरून सांगायचे. "तासन्‌तास वाट बघावी लागते. कीटक आपल्याला परवानगी देतो, तेव्हाच फोटो निघतो." तिसऱ्या रांगेत बसून मी मनात म्हणायची, परवानगी कुठून देतो, डबीतून? लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवायची, बायको म्हणून तेवढं करावं लागतं.

मंडळाचे अध्यक्ष एक प्राध्यापक. कशाचे ते आता कुणी विचारत नाही. कुठलाही प्रश्न विचारला की डोळे मिटून सुरुवात करतात आणि डोळे उघडेपर्यंत विचारणारा निघून गेलेला असतो. दुसऱ्या कर्त्या म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. आयुष्य रोग्यांच्या जबड्यात गेलं, आता मुंग्यांच्या जबड्यात चाललंय. बाकी दहा-बारा जण यांच्या मागे मान डोलावणारे. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण ज्याने केली त्याने हे मंडळ पाहिलं असावं. वाकून पाहण्यात तर यांचा हात धरणारा कुणी नाही.

आणि या मंडळात माझा धाकटा भाऊ होता. घरात त्याला सगळे लंब्या म्हणतात. उंची ताडासारखी आणि आवाज सशासारखा. एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात नकाशे काढतो. त्याची बायको त्याला सोडून गेली तेव्हा भांडण नाही, तंटा नाही. ती मला एवढंच म्हणाली, "ताई, त्या घरात आवाजच नाही हो." खरंच नव्हता. लंब्याला बोलायला लागत नाही, पण माणसं लागतात. चार जण बोलत असले की तो कडेला बसून ऐकतो आणि विनोद झाला की सगळ्यांच्या नंतर एकटा हसतो. मंडळ रविवारी सकाळी कुठल्यातरी बागेत जमायचं, आधी किडे आणि मग थर्मासातला चहा आणि गप्पा. लंब्याचा एकही रविवार चुकला नाही. आठवड्यात एवढी एकच वेळ होती, जेव्हा त्याला कुणीतरी नावाने हाक मारायचं.

फक्त त्याची एक अडचण होती. मंडळात शिरताना जो नियम म्हणायचा असतो, तो त्याने खरा मानला.

म्हणजे हा बाबा उजाडायच्या आधी उठून ओढ्याकाठच्या गवतात जाऊन बसायचा. तिथे त्याला एक माशी सापडली. मधमाशीच्याच नात्यातली, पोटावर निळे पट्टे. पण हिला पोळं नाही, राणी नाही, एकटा जीव सदाशिव. अंधार पडायला लागला की ही एखादी वाळकी काडी जबड्यात घट्ट धरते, पाय काडीवरून सोडून पोटाशी घेते आणि तशीच आडवी लटकून झोपते. पहाटे अंगावर दव जमतं तरी हिला पत्ता नसतो. ऊन अंगावर येईपर्यंत तुम्ही खुशाल शेजारी बसा आणि कॅमेरा केसभर पुढे सरकवत राहा. लंब्याने तेच केलं. संध्याकाळी फिरून झोपायच्या काड्या हेरायच्या, पहाटे जायचं, वारा असला तर परत यायचं. असा पावणेदोन महिने गेला आणि त्याला तो फोटो मिळाला.

मंडळाच्या मासिक सभेत तो पडद्यावर आला तेव्हा मी हॉलमध्ये होते. मला या किड्यांचं काही कौतुक नाही, ते मी आधीच सांगितलं. पण त्या दिवशी माझ्यासुद्धा हातातला पंखा थांबला. काडीच्या टोकाला दातओठ खाऊन धरल्यासारखी ती माशी, सहाही पाय पोटाशी घेतलेले, अंगावरच्या एकेका केसाला दवाचा थेंब, आणि थेंबाथेंबात उलटं आभाळ. हॉलमध्ये कुणी खोकलंही नाही.

मग प्राध्यापकांनी डोळे मिटून विचारलं, "किती फ्रेम जोडल्यात?"

"चौऱ्याऐंशी," लंब्या म्हणाला.

"चौऱ्याऐंशी फ्रेममध्ये माशी हलली नाही?"

"नाही. माशी झोपली होती."

आधी डॉक्टरीणबाई हसल्या. मग मागची रांग हसली. मग अख्खा हॉल. "माशी झोपली होती!" कुणीतरी म्हणालं, "पांघरूण घातलं होतंत का?" आणि पुन्हा हशा. लंब्यालाही वाटलं की विनोद झाला, म्हणून सवयीप्रमाणे सगळ्यांच्या नंतर तोही थोडा हसला.

आणि मग आमचे हे उभे राहिले. "नातं बाजूला ठेवून बोलतो," हे म्हणाले. नातं बाजूला ठेवून बोलणाऱ्या माणसाला आधी बाजूला ठेवावं, असं माझं मत आहे, पण विचारतो कोण. "इतका निश्चल कीटक एकाच प्रकारे मिळतो. ते प्रकार आपल्या मंडळात चालत नाहीत. माझा सख्खा मेव्हणा असला तरी मी म्हणेन, ही माशी फ्रीजमधून आलेली आहे."

ठराव झाला. लंब्याने कबुली देईपर्यंत त्याचं सभासदत्व स्थगित.

घरी आल्यावर मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "अहो, लाज कशी वाटत नाही? लोण्यामागे तुमचं अख्खं प्राणिसंग्रहालय आहे, आणि माझ्या भावाला चोर ठरवता?"

"ते वेगळं," हे म्हणाले. "मी कीटकाला शांत करतो. इजा करत नाही."

"आणि नियम?"

"नियम नवशिक्यांसाठी असतो. आणि मी काय खोटं बोललो? माशी अशी राहूच शकत नाही. मी दहा प्रकार करून पाहिलेत. फ्रीजशिवाय होत नाही."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, यांना मत्सर झालाय. मत्सर झाला असता तर मी समजून घेतलं असतं, तो माणसाला होतो. पण यांना खरोखर तसंच वाटत होतं. यांना माशीच्या डोळ्यात किती भिंगं असतात ते ठाऊक होतं, तिच्या जिभेची लांबी ठाऊक होती, आणि माशी झोपते एवढं मात्र या शहाण्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. कारण झोपलेली माशी बघायला पहाटे उठून जावं लागतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. मला त्या क्षणी ह्यांची जी किळस आली, ती भुंग्याची कधी आली नव्हती.

पुढच्या रविवारी मी लंब्याकडे गेले. तो इस्त्री करत होता. आठवड्याचे सगळे शर्ट झाले होते आणि आता रुमाल आणि उशांचे अभ्रे चालू होते. माझ्याशी बोलायला तोंड उघडलं तर आवाज घोगरा निघाला.

"सर्दी झाली का रे?"

"नाही. शुक्रवारी ऑफिस सुटल्यापासून बोललो नव्हतो, म्हणून."

त्याने मला कॉम्प्युटरवर सगळे फोटो दाखवले, ओळीने. चौऱ्याऐंशी झाल्यावरही त्याने कॅमेरा थांबवला नव्हता. त्यापुढच्या फोटोंत माशीच्या पाठीवर ऊन आलं होतं. एका फोटोत तिने एक पाय सोडवला. मग पुढचे दोन पाय मिशांवरून फिरवले, आपण तोंड धुतो तसं. मग तिने जबडा उघडून काडी सोडली. शेवटच्या फोटोत नुसती काडी होती, वाकलेली.

"अरे मग हे दाखव ना त्या दीडशहाण्यांना!" मी म्हटलं. "गारठवलेली माशी अशी तोंड धुऊन उडून जाते का? तोंडं काळी होतील एकेकाची."

"बघू," तो म्हणाला.

"बघू काय? तुझं नाव गेलं ना!"

लंब्याने एक अभ्रा उचलला आणि घडीवर घडी घालत बसला. "ताई, नावाचं काही नाही गं. या रविवारी कुठे जमले होते सगळे? भाऊजी काही म्हणाले का?"

मी सांगितलं, तळ्याकाठच्या बागेत.

"तिथे चतुर असतात," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईंना चतुर हवा होता कधीपासून. मिळाला का?"

मी त्याला चार शिव्या घातल्या आणि घरी आले. पण येताना माझं ठरलं होतं. हा बोलणार नाही, तर मी बोलणार. बोलणार म्हणजे काय, मी नुसतं दार उघडायला लावणार.

वार्षिक प्रदर्शनाचे फोटो निवडायला कार्यकारिणी दर वर्षी आमच्याकडे जमते. बाग आमची, सँडविच माझी, त्यामुळे यांना दुसरीकडे करमत नाही. या वेळी शेवटी लंब्यालाही बोलावलं होतं, खुलासा द्यायला. मी त्याला बजावून ठेवलं, की ते सगळे फोटो घेऊनच ये. आणि त्या दिवशी सकाळी मी फ्रीज रिकामा केला. दूध शेजारणीकडे ठेवलं, लोणी संपवलं, काकड्या चिरल्या. मधल्या कप्प्यात, अगदी दर्शनी, ह्यांच्या डब्या एका ओळीत मांडल्या. त्यांच्या मागे पाण्याची बाटली.

प्राध्यापक, डॉक्टरीणबाई आणि आमचे हे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. पडद्यावर फोटो चालले होते. मी सँडविचचा ट्रे दोन्ही हातांत घेऊन उभी राहिले आणि गोड आवाजात म्हटलं, "प्राध्यापक, माझे हात गुंतलेत. फ्रीजमधून जरा पाण्याची बाटली काढता का?"

हे ताडकन उठले. "मी देतो, मी देतो." पण टेबलाला वळसा घालून येईपर्यंत प्राध्यापकांनी दार उघडलं होतं.

फ्रीजचा दिवा लागला. डब्यांमधला भुंगा, कोळी आणि दोन माश्या प्राध्यापकांसमोर शिस्तीत बसल्या होत्या. डॉक्टरीणबाई उठून त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या ह्यांचा चेहरा अंड्याच्या टरफलासारखा पांढरा पडला. मी ट्रे तसाच धरून होते. आयुष्यात काही क्षण माणसाने सावकाश खावेत, तसा मी तो खात होते.

प्राध्यापक खाली वाकले. चष्मा कपाळावर सरकवला. एक डबी उचलून उजेडात धरली.

"किती डिग्रीवर ठेवता?" त्यांनी विचारलं.

"चार," हे म्हणाले.

"चार? अहो, चारवर पाय आत आखडतात. म्हणून तुमचे कोळी नेहमी प्रार्थनेला बसल्यासारखे दिसतात. सहावर ठेवा, सहावर."

"आणि दाराच्या जवळ नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी तर भाज्यांच्या कप्प्यात ठेवते. सोबत ओला कापूस. मिशा ताज्या राहतात."

"कापूस?" ह्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "हे मला सुचलं नाही."

"साधा घेऊ नका. आमच्याकडे दाढेत घालायचा असतो ना, गुंडाळीचा, तो. मी देईन तुम्हाला."

तिघं जण उघड्या फ्रीजसमोर उभे राहून बोलत होते. बायका एकमेकींना केकचं प्रमाण सांगतात तसे. कुणाच्या चेहऱ्यावर लाज शोधायची तर भिंग घेऊन शोधावी लागली असती, आणि भिंगं सगळी त्यांच्याकडेच होती. ह्यांचा मुखवटा पडेल म्हणून मी दूध शेजारी नेऊन ठेवलं होतं, आणि इथे मुखवटेच नव्हते. एकमेकांचं एकमेकांना सगळं आधीपासून माहीत होतं, फक्त डिग्री विचारायची राहिली होती.

ट्रे मी टेबलावर आपटला. "मग माझ्या भावाला कशासाठी काढलंत?"

तिघंही वळले. प्राध्यापकांनी फ्रीजचं दार हलकेच लावलं आणि डोळे मिटले. "वहिनी, तुमचा गैरसमज झालाय. फ्रीजबद्दल आमचा आक्षेप नव्हताच."

"मग?"

"खोटं बोलण्याबद्दल होता. मंडळ म्हणजे एक कुटुंब असतं. बाहेर काय सांगायचं ते सांगावं, पण आपल्या माणसांत मोकळेपणा नको? आम्ही विचारतोय, आणि हा गृहस्थ सांगतो, माशी झोपली होती! आम्ही काय कुकुली बाळं आहोत?"

"वाईट वाटलं हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाटलं होतं. "इतक्या वर्षांची ओळख, आणि आपल्याला साधी डिग्री सांगत नाही."

"झोपलीच होती," मी म्हटलं. "त्याच्याकडे सगळे फोटो आहेत. जागी होते, तोंड धुते, उडून जाते. आत्ता येईल तो. तुमच्या डोळ्यांनी बघा, आणि मग बोला."

हे माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसले. "भावाची बाजू घेणारच तू."

तेवढ्यात बेल वाजली.

लंब्या दारात उभा होता. केस ओले करून चापून बसवलेले, कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कॉम्प्युटरची बॅग आणि हातात बिस्किटांचा डबा, परक्या घरी गेल्यासारखा. मी त्याच्या कानात म्हटलं, "आत जा आणि बोलत बसू नकोस. सरळ उघड आणि दाखव."

तो आत गेला. डॉक्टरीणबाईंनी आपल्या शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्यावर हात थोपटला. "या, या! किती दिवसांनी! वाळलात हो. आणि ऐका ना, मला चतुर मिळाला."

"तळ्याकाठी?" लंब्या म्हणाला. "लाल की पिवळा?"

"लाल!"

लंब्या खुर्चीत बसला. बॅग मांडीवर घेतली. चेनवर हात ठेवला. प्राध्यापक म्हणाले, "हे पाहा, आम्हाला वाद घालायचा नाही. तुम्ही फक्त मनमोकळं सांगून टाका. विषय इथेच संपला. रविवारी ओढ्याकाठी जमतोय आपण." मी त्याच्या समोर, भिंतीशी उभी होते. चेन उघडायला असा कितीसा वेळ लागतो? त्याने टेबलाभोवती एकदा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सँडविचच्या बश्या, चहाचे कप, थोपटलेली खुर्ची. मग त्याने बॅग मांडीवरून उचलून खाली, पायाशी ठेवली.

"ठेवली होती," तो म्हणाला. "फ्रीजमध्ये."

"शाब्बास!" प्राध्यापकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ह्यांनी पुढे होऊन हात मिळवला. डॉक्टरीणबाईंनी तर टाळी वाजवली. मेलेला माणूस उठून बसल्यावर होईल तेवढा आनंद झाला त्या टेबलाशी. मला वाटलं, आत जावं आणि त्याची ती बॅग उचलून यांच्या डोक्यात घालावी. त्याच्याही.

"पण मला एक सांगा," डॉक्टरीणबाई खुर्ची जवळ घेत म्हणाल्या, "इतकी शांत कशी राहिली? आणि जबडा काडीला इतका घट्ट? आमच्या तर घरंगळतात. किती वेळ ठेवली होतीत?"

लंब्याने तोंड उघडलं.

त्याला काय माहीत किती वेळ! त्याने जन्मात फ्रीजमध्ये दुधाखेरीज काही ठेवलेलं नाही. तो प्राध्यापकांकडे बघू लागला, मग भाऊजींकडे. त्याचे कान लाल झाले. मी त्याला जन्मापासून ओळखते. खोटं त्याला एका वाक्यापलीकडे रेटता येत नाही. दुसऱ्या वाक्याला तो खरं बोलणार होता, आणि खरं ऐकून हे लोक त्याला पुन्हा हसणार होते, आणि मग तो पुन्हा घरी जाऊन अभ्र्यांना इस्त्री करणार होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई," एवढंच म्हणाला.

"रात्रभर," मी म्हटलं. "इथेच होती, माझ्याकडे. भाज्यांच्या कप्प्यात. काडीसकट."

"काडीसकट!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "बघा! काडीसकट ठेवायची! इतकं सोपं!"

आमचे हे माझ्याकडे बघत होते. ह्यांचा फ्रीज, ह्यांचं सकाळ-संध्याकाळ त्यात डोकं. असली माशी तिथे कधी नव्हती, हे माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाला पक्कं माहीत असेल तर ह्यांनाच. आता काही बोलतील म्हणून मी पदर खोचून उभी होते.

हे कप उचलून म्हणाले, "म्हणूनच तर मी त्या दिवशी सभेत ठामपणे बोललो. मी ती पाहिली होती."

प्राध्यापकांनी मान डोलावली. मी सगळ्यांना आणखी चहा ओतला. काय करणार, माझ्याच तोंडाने मी त्यांच्यातली झाले होते, आणि उभं राहून पाय दुखत होते, म्हणून एक खुर्ची ओढून बसले.

पुढच्या रविवारी संध्याकाळी लंब्याचा फोन आला. आवाज मोकळा होता. ओढ्याकाठी कोण कोण आलं होतं, कुणाचा थर्मास सांडला, प्राध्यापक चिखलात कसे बसले, हे सगळं त्याने सांगितलं. माझा भाऊ एका दमात इतकं बोललेला मी कधी ऐकला नव्हता. मला बरं वाटलं, हे मी नाकारत नाही.

"आणि ताई," तो म्हणाला, "ते म्हणतात असा फोटो मंडळात आजवर कुणालाच जमला नाही. पुढच्या महिन्यात मी सगळ्यांना करून दाखवायचंय. गारठवायचं. आपल्या आपल्यात, दार लावून."

"मग काय सांगितलंस?"

"हो म्हटलं. पण आधी शिकायला हवं ना." मागे कुठेतरी त्याच्या घरातलं घड्याळ चालल्याचं ऐकू येत होतं. "ताई, त्या डब्या कुठे मिळतात गं?"

मी त्याला दुकान सांगितलं.